मागचं चाक

टायर फुटलं असतं तर भिंगरीने दोन शिव्या हासडून पंक्चर काढलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. पण या वेळी फुटलं होतं ते लोखंड. वरच्या माळावरून परत येताना, घर अगदी हाकेच्या अंतरावर असताना, गाडीच्या मागच्या अंगातून एक ‘कट्’ आला. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक कट् यायला लागला आणि गाडी लंगड्या बैलासारखी एका बाजूला झुकून चालू लागली. तो उतरला, धुळीत आडवा झाला आणि डाव्या बाजूच्या मागच्या चाकाशी डोकं नेलं. रिमला नटांची आठ भोकं होती. त्यातल्या एका भोकातून चीर निघून दुसऱ्याला मिळाली होती आणि तिसऱ्याच्या वाटेला लागली होती. चिरेच्या कडेने तांबूस भुकटी जमली होती. म्हणजे हे दुखणं आजचं नव्हतं.

“आत्ताच मुहूर्त सापडला का तुला?” तो चाकाला म्हणाला.

चाकाशी बोलणारा हा एकटाच माणूस गावात असावा. पायाला भिंगरी लावूनच तो जन्माला आला असं लोक म्हणत, आणि पुढे नुसतंच भिंगरी म्हणू लागले. जेवताना तो अर्ध्या घासावर उठे, झोपेत पाय हलवी, आणि कुणी त्याला काही सांगायला लागलं की वाक्य संपायच्या आत ‘कळलं, कळलं’ म्हणून चालू पडे. निम्म्या वेळा त्याला काहीच कळलेलं नसे.

घरचा धंदा मधमाश्यांचा. एका जागचा फुलोरा संपला की पेट्या गाडीत घालायच्या आणि दुसरीकडे फुलं उमलली असतील तिथे न्यायच्या. त्यासाठी ही पिकअप होती. जुनी, मोठ्या वजनाची, दारं खुळखुळणारी. पण पाठीवर काहीही लादलं तरी कुरकुरत का होईना नेणारी. घराजवळच्या फळबागेतला बहर सरत आला होता. वरच्या माळावर सूर्यफूल उघडलंय असं कानावर आल्यामुळे तो बघायला गेला होता. सूर्यफूल खरंच उघडलं होतं. सगळं जुळून आलं होतं आणि चाकाने दगा दिला.

गाडी माणसाच्या चालीने हाकत तो फाटकाशी आला, तर बागवाला तिथे उभाच. टोपी हातात, चेहरा पडलेला.

“अळी पडलीय,” बागवाला म्हणाला. “परवा सकाळी औषध मारतोय. पेट्या हलव तुझ्या.”

“चार दिवस थांबा की.”

“मी थांबेन रे बाबा. अळी थांबेल का? फवारणीवाले परवाचेच मिळालेत. परवा नाही झालं तर या वर्षी फळाचं नाव नको.” बागवाल्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. “तुमच्या माश्यांमुळे माझी बाग धरली, हे विसरलो नाही मी. म्हणून तर सांगायला आलो.”

यात त्याचं काहीच चुकत नव्हतं, आणि भिंगरीला त्याचाच जास्त राग आला. माणूस वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

औषध मारलेल्या फुलावर माशी बसली की काय होतं ते त्याने एकदा पाहिलं होतं. माशी घरी परत येते आणि दारातच मरते. पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा असा खच पडतो की फुंकर मारली तर भुशासारखा उडतो. दारं बंद करून माश्यांना आत कोंडावं म्हटलं तर या उन्हात मेणसुद्धा वितळेल, आणि औषधाचा अंमल काही एका दिवसात उतरत नाही. दुसऱ्याची गाडी मागावी तर माश्यांचं भाडं घेणारा ड्रायव्हर पंचक्रोशीत उरला नव्हता. एकाने एकदा घेतलं होतं. वाटेत झाकण सरकलं आणि त्याचं तोंड भोपळ्याएवढं झालं. तेव्हापासून पेट्यांचं नाव काढलं की सगळ्यांच्या गाड्या दुरुस्तीला गेलेल्या असत.

म्हणजे चाक हवं होतं, आणि ते उद्या संध्याकाळच्या आत. संध्याकाळी माश्या घरी परतल्या की दारं लावायची, पेट्या चढवायच्या आणि परवा उजाडायच्या आत निघायचं.

अंगणाच्या कडेला, कुंपणाच्या सावलीत, पेट्यांची रांग होती. सगळ्या पेट्या विटांवर होत्या. एकच, रांगेच्या टोकाची, एका जुन्या लोखंडी रिमवर. ती थोरल्याची पेटी. भिंगरीचा थोरला भाऊ त्याच्या स्वतःच्या पिकअपमध्ये घाटात अपघातात गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. भिंगरी तेव्हा दूर शहरात दुसऱ्याचे ट्रक चालवत होता. आला तोवर सगळं उरकलं होतं. मग तो इथेच राहिला. थोरल्याची पेटी त्यांचा म्हातारा बाप कधी गाडीत घालू देत नसे. बाकीच्या फुलांमागे गावोगाव फिरत, ही मात्र घरीच राही. आणि दरवर्षी म्हातारा त्या पेटीखालच्या रिमला निळा रंग देई. घराच्या दाराला रंग नव्हता, पण रिमला होता.

आताही म्हातारा तिथेच बसला होता. गाडी आत येताना त्याने मान वर केली, लंगडणारं चाक पाहिलं, आणि तोंड उघडून पुन्हा मिटलं.

मिटलं, कारण बाप-लेकात अबोला होता. मागच्या पावसाळ्यात गाडी चिखलात रुतली तेव्हा भिंगरी वैतागून म्हणाला होता, “भंगार झालीय नुसती. विकून टाकू आणि एखादी लहान नवी घेऊ.” म्हाताऱ्याने समोरचं ताट बाजूला सारलं, उठला, आणि त्या दिवसापासून तो मुलाशी एक शब्द बोलला नव्हता. भिंगरीही काही कमी नव्हता. खाण तशी माती. घरात बोलणं व्हायचं ते सगळं सुनेमार्फत, म्हणजे भिंगरीच्या बायकोमार्फत, आणि तेही दोघं समोरासमोर बसलेले असताना.

रात्रीच्या जेवणाला तसंच झालं.

“त्याला विचार, चीर कुठवर गेलीय,” म्हातारा सुनेला म्हणाला.

“तिसऱ्या भोकाजवळ,” भिंगरी भिंतीकडे बघत म्हणाला.

“त्याला म्हणावं, अक्कल गहाण ठेवून गाडी हाकली की असंच होतं.”

“आबा म्हणताहेत, खड्डे फार आहेत रस्त्याला,” सून म्हणाली. निरोप पोचवताना त्यातले काटे काढून टाकायची तिला सवय झाली होती. पेट्यांमध्येही ती हातमोजे न घालता काम करायची.

“त्याला सांग, उद्या भंगारवाल्याकडे जाशील तर फुटलेलं चाक बरोबर ने.”

हा निरोप मात्र तिने जसाच्या तसा दिला. “चाक बरोबर न्या म्हणताहेत.”

“का? चाक म्हणजे काय लग्नाची मुलगी आहे, दाखवायला न्यायला?” भिंगरी उठला. अर्धं ताट तसंच. “आठ भोकं ती आठ भोकं. माप घेतो आणि जातो. चाक काढा, लादा, उतरवा, त्यातच दिवस जायचा.”

“अहो, पण ते म्हणताहेत तर...”

“कळलं, कळलं.”

म्हाताऱ्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि बोलायचं होतं ते पाण्याबरोबर गिळून टाकलं.

सकाळी उजाडताच भिंगरी लाकडाची एक पट्टी आणि पेन्सिल घेऊन गाडीखाली शिरला. एका नटापासून समोरच्या नटापर्यंतचं अंतर त्याला हवं होतं. पण मागच्या चाकाच्या मधोमध एक्सलचं टोक उपड्या पातेल्यासारखं बाहेर आलेलं, त्यावर पट्टी आडवी बसेना. एकदा या टोकाला टेकवावी तर दुसरं हवेत. चाक काढलं असतं तर रिमच्या मागच्या बाजूने आरामात माप मिळालं असतं. पण त्याला आरामात काही करणं माहीतच नव्हतं. तो सरळ पुढच्या चाकाकडे गेला. तिथे मधे नुसती एक चपटी टोपी होती. ती हातोडीने उडवली, पट्टी टेकवली, दोन खुणा केल्या, एक नट खिशात टाकला, टायरवरचा आकडा तळहातावर लिहिला, आणि शेजाऱ्याची मोटारसायकल काढून तो निघालासुद्धा.

या गाडीच्या चाकांना हात लावायची वेळ त्याच्यावर तशी कधी आलीच नव्हती. गाडी तो चालवी, चाकं म्हातारा बघे. मागचं टायर बसलं की म्हातारा तिथेच रस्त्याकडेला बसून ट्यूब काढी, ठिगळ लावी आणि तेच चाक परत बसवी. असं का, हे भिंगरीने कधी विचारलं नव्हतं. विचारायला थांबावं लागतं.

भंगारवाल्याला चुंबक म्हणत. त्याच्या हाताला लागलेलं लोखंड सहसा परत सुटत नसे. पत्र्याच्या आडोशामागे रिमांच्या उतरंडी रचलेल्या होत्या आणि ऊन आत्ताच इतकं चढलं होतं की कशालाही हात लावला तर चटका बसावा.

“जुन्या पिकअपची रिम पाहिजे. मोठ्या वजनाची. आठ भोकी,” भिंगरी उतरता उतरताच म्हणाला.

“आठ तर सगळ्यांनाच असतात. माणसाला डोळे किती म्हणून विचारल्यासारखं झालं,” चुंबक म्हणाला. “आठांचा घेर केवढा?”

भिंगरीने पट्टी पुढे केली. चुंबकाने ती डोळ्यांजवळ नेली, खुणांवर अंगठा फिरवला. “पुढच्या चाकाची की मागच्या?”

“चाकं काय वेगवेगळी असतात एका गाडीची?”

“नव्या गाडीची नसतात. जुनीचं सांगता येत नाही. म्हाताऱ्या माणसासारखंच असतं. कवळी कधी बसवली, गुडघा कधी बदलला, घरच्या पोरांनाही ठाऊक नसतं. फुटलेलं चाक का नाही आणलंस? तोंडाला तोंड लावून बघितलं असतं.”

“आता तूही सुरू झालास का? काढ रिम.”

आता, निवडायच्या बाबतीत भिंगरी अगदीच कच्चा होता असं नाही. पहिली रिम भोकांना बरोबर जुळत होती. त्याने ती उचलली आणि हातात हलकी लागताच आतल्या बाजूला ठोकलेला वजनाचा आकडा पुसून पाहिला. ही लहान गाडीची. रिकामं फिरायला ठीक. मधाने भरलेल्या पेट्या वर आल्या की पापडासारखी वाकेल. दुसरी दणकट होती, पण तिची बशी फार खोल. टायर आत जाऊन स्प्रिंगच्या पाट्यांना घासलं असतं. तिसरीची भोकं सपाट होती आणि त्याच्या नटांचं टोक निमुळतं. असा नट सपाट भोकात घट्ट वाटतो आणि रस्त्यात ढिला होतो. चौथी मात्र सगळ्याच बाबतीत जमली. वजनाला पुरेशी, बशी हवी तेवढी, खिशातला नट भोकात बाटलीच्या बुचासारखा बसला. त्याने हातोडीने टोला मारून पाहिला. खणखणीत वाजली, चीर असती तर बद्द वाजली असती. पट्टी लावली. खुणा तंतोतंत.

“बघ,” तो म्हणाला. एवढं नीट काम आपण कधी केलं होतं ते त्याला आठवेना, आणि घरी जाऊन ते कुणाला तरी दाखवावं असं त्याला फार वाटलं.

“बघितलं,” चुंबक म्हणाला. “पण एकदा गेलेला माल मी परत घेत नाही, ठाऊक आहे ना?”

“कळलं, कळलं.”

रिम पाठीशी बांधून तो घरी आला तेव्हा गरम वारा सुटला होता. बायको एकेका पेटीला दोर आवळत होती. माश्या तापलेल्या होत्या. वारा असला की त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. तिच्या मनगटावर दोन-तीन ठिकाणी सूज होती.

भिंगरीने जॅक लावला, पुढच्या चाकांना दगड दिले, फुटकं चाक काढलं. पहारीने टायर रिमपासून सोडवायचं काम बैलाचं. तो टायरच्या कडेवर उभा राहून नाचला, घामाने चिंब झाला, एकदा पहार सटकून नडगीवर बसली तेव्हा एका पायावर अंगणभर फिरला.

“आधी नुसती रिमच लावून बघा की,” बायको म्हणाली. “टायर मग चढवा.”

“मोजून आणलीय. परत परत काय लावायची?”

त्याने टायर नव्या रिमवर चढवलं. ट्यूब भरली, हातपंपाने हवा मारली. पंपाच्या प्रत्येक दट्ट्याबरोबर त्याची सावली पुढे सरकत होती. शेवटी चाक फुगून टणक झालं. त्याने ते लोटत नेलं, पायाच्या तळव्यांवर पेलून उचललं आणि एक्सलच्या टोकावर चढवलं.

बसेना.

त्याने जरा फिरवलं. वरचा बोल्ट भोकात आला की खालचा अडे. खालचा धरावा तर वरचा. फरक फार तर बोटाच्या नखाएवढा. नखभरच तर आहे, जाईल, असं म्हणून त्याने लाकडाचा ठोकळा लावून घण घातला. बोल्टांची टोकं कशीबशी भोकांतून डोकावली. मग त्याने नट धरले आणि नटांनीच चाक आत ओढायला सुरुवात केली. पान्याला लांब पाइप अडकवला आणि त्यावर अंगाचा भार टाकला.

रस्त्याने फवारणीवाल्यांची गाडी चालली होती. औषधाची पिंपं बागेत उतरवायला निघालेले. त्यातला एक ओरडला, “ओ भिंगरी, चाक वाकडं बसलंय रे!”

“तुझं डोकं वाकडं आहे!” तो ओरडला आणि पाइपवर उडी मारली.

बोल्ट तुटला. आवाज बंदुकीसारखा झाला. पाइप निसटला आणि भिंगरी पाठीवर उताणा. कोपर सोलवटलं. फवारणीवाले हसले ते त्याला ऐकू आलं. रिम एका बाजूने आत आणि एका बाजूने बाहेर, रुसलेल्या पोराच्या तोंडासारखी वाकडी, तशीच राहिली.

तो तिथेच पडून राहिला. आकाशात ऊन कलायला लागलं होतं. पेट्यांकडून गुणगुण येत होती. सगळं ठीक असल्यासारखी, नेहमीची. त्याला रडू आलं. राग नव्हता तो, रडूच होतं. त्याने सोललेलं कोपर डोळ्यांवर घेतलं.

“त्याला विचार,” कुंपणाकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, “पट्टी कुठल्या चाकाला लावली होती?”

बायकोने हातातला दोर खाली टाकला. दोघांच्या बरोबर मधे येऊन ती उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले.

“नाही विचारणार,” ती म्हणाली. “पावसाळ्यापासून निरोप वाहतेय मी. माझ्या तोंडाला फेस आला. उद्या सकाळी या माश्या मेल्या तर त्यांना काय सांगू? बाप-लेकाला तोंडं होती पण उघडायला वेळ नव्हता, म्हणून सांगू? आता बोलायचं तर एकमेकांशी बोला. नाहीतर दोघंही गप्प बसा आणि बघत राहा.”

आणि ती खरंच पाठ फिरवून पेट्यांकडे गेली.

मग भिंगरी उठला. कपडेही न झटकता कुंपणापाशी गेला आणि म्हाताऱ्यापासून चार पावलांवर थांबला.

“आबा,” तो म्हणाला. “चाक बसत नाही.”

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. इतक्या महिन्यांत म्हाताऱ्याचे डोळे असे पाणावल्यासारखे झाले होते, हे भिंगरीला समोरून आत्ताच दिसत होतं.

“नाही बसणार,” म्हातारा म्हणाला. “पट्टी पुढच्या चाकाला लावलीस ना? गाडीचं मागचं अंग आपल्या गाडीचं नाही.”

“म्हणजे?”

“आपला एक्सल मोडला होता तेव्हा. त्याच महिन्यात.” म्हाताऱ्याने शेजारच्या पेटीच्या झाकणावर तळहात ठेवला. “थोरल्याच्या गाडीचं पुढचं सगळं गेलं होतं. मागचं शाबूत होतं. पुढचं भंगारात दिलं. मागचं देववलं नाही. एक्सल, चाकं, सगळं उतरवून घेतलं आणि आपल्या गाडीला लावलं. त्याची गाडी दुसऱ्या कंपनीची. त्याच्या चाकाचा घेर नखभर मोठा.”

भिंगरीने वळून गाडीकडे पाहिलं. इतकी वर्षं तो ही गाडी पळवत होता. घाटात, चिखलात, शिव्या देत, लाथा मारत.

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू चालवली असतीस?”

चालवली नसती. पहिल्याच दिवशी परत शहराची वाट धरली असती, हे दोघांनाही माहीत होतं.

“पुढे वाटायचं, सांगावं,” म्हातारा म्हणाला. “पण तू थांबशील तेव्हा ना. मग म्हणालास, विकून टाकू. भंगार म्हणालास. एकच पोरगा दोनदा भंगारात कसा देऊ रे मी?”

भिंगरी खाली बसला. धुळीत, म्हाताऱ्याच्या पायांशी. त्याने म्हाताऱ्याच्या पायावरची माशी अलगद उडवली. ती डंख मारणार नव्हती. नुसतीच बसली होती.

“तुम्ही सांगितलं होतंत, चाक बरोबर ने म्हणून,” तो म्हणाला. “मी ऐकलं नाही.”

“मी तरी कुठे कारण सांगितलं.” म्हाताऱ्याने नाक पुसलं. “चल. ऊन उतरतंय. उचल ही पेटी.”

“ही? ही तर...”

“त्याची स्टेपनी आहे ती खाली.”

भिंगरीने निळ्या रिमकडे पाहिलं. वर्षानुवर्षं तो तिच्यावरून ये-जा करत होता, एकदा अडखळून तिला शिवीही दिली होती. जमिनीलगत गवत वाढलेलं, पण लोखंडाला गंजाचा एक ठिपका नव्हता. रंगावर रंग, थरावर थर.

माश्या अजून पुरत्या परतल्या नव्हत्या. बायकोने धुराडं आणलं, धुराचे दोन सौम्य झोत दिले, आणि तिघांनी मिळून पेटी उचलली. इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदाच जागची हलली. पेटी शेजारी विटांवर ठेवली. मग म्हाताऱ्याने स्वतः गवत उपटून रिम मोकळी केली.

अडकलेलं चाक उतरवून या वेळी आधी नुसती रिमच लावून पाहिली. ती एक्सलच्या टोकावरून सरकली, बोल्ट भोकांत आले आणि हलक्या आवाजात ती जागेवर टेकली. घण नाही, पाइप नाही. बायकोच्या तोंडून सुस्कारा निघाला.

“एक बोल्ट तुटलाय,” भिंगरी खाली मान घालून म्हणाला.

“सात पुरतील. हळू नेलीस तर.”

पुन्हा टायर उतरवायचं, पुन्हा चढवायचं. पण दोघंजण असले की काम वेगळं होतं. म्हातारा पहार कुठे घालायची ते बोटाने दाखवी, भिंगरी जोर लावी. टायर एकदम कडेवरून उडी मारून आत बसलं तेव्हा दोघं एकाच वेळी मागे कोलमडले आणि म्हातारा हसला. पंप तिघांनी आळीपाळीने मारला. नट आवळताना म्हाताऱ्याने मुलाचा हात धरून थांबवलं. “गोल गोल नको. आधी हा, मग समोरचा. सगळ्यांना थोडं थोडं. घाईत एकच आवळलास की चाक वाकडं बसतं.”

“कळलं,” भिंगरी म्हणाला. एकदाच.

अंधार पडता पडता माश्या घरी परतल्या, दारांना जाळ्या लागल्या, आणि पेट्या गाडीत चढल्या. सगळ्यांत शेवटी थोरल्याची पेटी उरली. भिंगरीने म्हाताऱ्याकडे पाहिलं.

“हिचं काय?”

“काय म्हणजे? इथे ठेवून मारायची आहे का?” म्हातारा म्हणाला. “आणि मीही येतोय. सात बोल्टांवर तुला एकट्याला सोडत नाही.”

उजाडायच्या आधी ते निघाले. तिघं पुढे दाटीवाटीने बसलेले, मागे पेट्यांची दबकी गुणगुण. बागेच्या वळणावर फवारणीवाले तोंडाला फडकी बांधत होते. बागवाल्याने टोपी हलवली. भिंगरी गाडी अशी चालवत होता की शेजारून एक सायकलवाला पुढे निघून गेला. प्रत्येक खड्ड्याला तो थांबे, चाक आधी हळूच आत उतरवी, मग हळूच वर काढी. कान सगळे मागच्या बाजूला.

“अरे,” चढावर म्हातारा शेवटी म्हणाला, “जरा जोरात घे की. ऊन चढायच्या आत पोचायचंय.”

बायको खिडकीबाहेर तोंड करून हसली.

माळावर सूर्यफूल दूरवर पिवळं पसरलं होतं. पेट्या उतरल्या, विटांवर ओळीत लागल्या. थोरल्याची पेटी म्हातारा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला; इकडे तिकडे बघत, तिला कुठे टेकवावं ते न कळून. जिच्यावर ती इतकी वर्षं होती ती रिम आता गाडीखाली होती.

भिंगरी गाडीच्या मागच्या बाजूला गेला. चुंबकाकडून आणलेली रिम त्याने कुणाला न सांगता पेट्यांच्या फटीत घातली होती. ती त्याने काढली, लोटत आणली, ओळीच्या टोकाची जागा पायाने सपाट केली आणि ती आडवी ठेवली. हाताने दाबून पाहिली. डुगडुगत नव्हती.

म्हाताऱ्याने पेटी तिच्यावर ठेवली. दाराची जाळी काढली. पहिली माशी बाहेर आली, दारातच जरा थबकली, मग पिवळ्याकडे गेली.

“गंजलीय,” म्हातारा रिमकडे बघत म्हणाला. “रंग द्यावा लागेल. दरवर्षी द्यावा लागतो. मी आहे तोवर मी...”

“मी देईन,” भिंगरी म्हणाला, आणि पेटीशेजारी मांडी घालून बसला.